नेहमीचं दुखणं आणि वेगळं दुखणं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नागपूरला हॉस्टेलवर तुझा जम बसतोय हे कळलं, फार बरं वाटलं. घरी होतास तोवर रात्री कळा सुरू झाल्या की आई अंगाला हात लावून ठरवायची, लगेच निघायचं की उजाडायची वाट पाहायची. आता ते तुला ठरवायचं आहे, आणि तेही दुखण्यानं डोकं सुन्न झालेलं असताना. म्हणून सिकलसेलमध्ये, म्हणजे तुझ्या या रक्ताच्या आनुवंशिक आजारात, कॅज्युअल्टी (दवाखान्याचा तातडीचा विभाग) कधी गाठायची हे बऱ्या दिवशीच ठरवून, कागदावर लिहून ठेवायचं. आज तू बरा आहेस, तर आजच बस.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. दुखणं किती जोराचं आहे एवढ्यावरून निर्णय घ्यायचा नाही. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचा जनुक आलेल्या, माणसाचं दहापैकी आठचं दुखणंही कधी घरच्या घरी उतरतं, आणि कधी चारच्या दुखण्याआड फुप्फुसात भलतंच सुरू झालेलं असतं. स्वतःला विचारायचा प्रश्न असा: हे माझं नेहमीचं दुखणं आहे का? तुझं नेहमीचं दुखणं कंबर, मांड्या आणि कोपर धरतं. ते कसं चढतं, किती तास टिकतं, कोणत्या गोळीनं उतरतं, हे चार ओळींत लिही. त्याखाली तुझे बऱ्या दिवसाचे आकडे लिही: हिमोग्लोबिन, बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजन आणि लघवीचा रंग. तुझं हिमोग्लोबिन ८ असणं हे तुझं रोजचं आहे, पण नवखा डॉक्टर ते पाहून घाबरेल. उलट ऑक्सिजन ९३ दिसला तर तो म्हणेल ठीक आहे, पण तुझा रोजचा ९७ असेल तर ते ठीक नाही. ऑक्सिमीटर लावताना हात गरम कर आणि एक मिनिट थांब. गार बोटावर तो खोटं सांगतो.

आता ताप. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण चूक इथेच जास्त होते. सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे पाणथरी, हळूहळू निकामी होते. रक्तातले काही जंतू गाळून मारण्याचं काम तिचं. ते बंद पडलं की साध्या वाटणाऱ्या तापातून काही तासांत रक्तात जंतुसंसर्ग पसरू शकतो. न्यूमोकोकसची लस घेतली असली तरी धोका पूर्ण जात नाही. म्हणून १०१ फॅरेनहाइट किंवा वर ताप दिसला की दुखणं असो वा नसो, दवाखाना, आणि त्याच वेळी. सकाळची ओपीडी नाही. तिथे पहिल्या तासात रक्त कल्चरला (जंतू शोधायच्या तपासणीला) घेऊन अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू व्हायला हवं, आणि तू गडचिरोलीकडून नुकताच आला असशील तर मलेरियाची तपासणीही. कळा कमी याव्यात म्हणून हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल घेतोस, त्यानं कधी पांढऱ्या पेशी घटतात. हेही तापाच्या वेळी डॉक्टरला आवर्जून सांगायचं.

गफलत कुठे होते सांगतो. अंग दुखायला लागलं की मुलं आधी पॅरासिटामॉल घेतात. तिनं दुखणं थोडं उतरतं आणि तापही झाकला जातो. मग थर्मामीटर ९९ दाखवतो आणि माणूस निवांत झोपतो. तेव्हा क्रम पाळ: आधी थर्मामीटर, आकडा आणि वेळ कागदावर, मग गोळी. चहा प्यायला असशील तर पंधरा मिनिटं थांबून तोंडात लाव. काखेतला आकडा साधारण एका अंशानं कमी येतो हे ध्यानात ठेव.

ताप नसेल तर छातीकडे बघ. तुझं दुखणं छातीत कधीच नसतं, त्यामुळे छातीत किंवा बरगड्यांत टोचायला लागलं, श्वास घेताना कळ आली, खोकला सुरू झाला, दम लागला, किंवा ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीनने घसरला, तर निघायचं. याला डॉक्टर अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. ते बऱ्याचदा क्रायसिसच्या, म्हणजे कळांच्या झटक्याच्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, म्हणजे नेमकं 'आता उतरतंय' असं वाटत असताना. बरगड्या दुखतात म्हणून माणूस अर्धवट श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, आणि तिथेच बिघाड सुरू होतो. म्हणून दुखण्याच्या दिवसांत जागा असेपर्यंत दर दोन तासांनी दहा खोल श्वास घे. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र मेडिकल स्टोअरमध्ये मिळतं, एक आणून ठेव.

पुढची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, म्हणून मी सरळच लिहितो. सिकलसेलमध्ये मुलांना कधी कधी इच्छा नसताना लिंग ताठर होऊन तसंच राहतं आणि दुखतं. रक्त आत अडकल्यामुळे ते होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तो आजाराचाच भाग आहे. सुरू झालं की लघवी करून ये, दोन ग्लास पाणी पी, जरा चाल, कोमट पाण्यानं अंघोळ कर. बर्फ लावू नको. दोन तासांत उतरलं नाही तर कॅज्युअल्टीत जा आणि तिथे 'पोटात दुखतंय' असं काही सांगू नको, जे आहे तेच सांग. चार तासांच्या पुढे आतलं कायमचं नुकसान सुरू होऊ शकतं. थोडा वेळ येऊन आपोआप जातं, असं वारंवार होत असेल तर तेही पुढच्या तपासणीत सांग, त्यावर औषध आहे.

बाकीच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत आणि त्यात घरी थांबून पाहण्यासारखं काही नसतं. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, फीट येणं, आयुष्यात झाली नाही अशी डोकेदुखी, अचानक कमी दिसणं: वेळ बघून ठेव आणि १०८ ला फोन लाव. डोळ्याला चेंडू किंवा कोपर लागलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, सिकलसेलमध्ये डोळ्यातला थोडासा रक्तस्रावही दृष्टीला महागात पडतो. डाव्या बरगडीखाली पोट अचानक फुगलं आणि चक्कर येऊन चेहरा पांढरा पडला तर पाणथरीत रक्त साचत असेल. हे लहान मुलांत जास्त, पण आपल्याकडच्या रुग्णांत पाणथरी मोठ्या वयापर्यंत टिकते, म्हणून तू त्यातून सुटला आहेस असं समजू नको. उजव्या बरगडीखाली दुखून डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे झाले तर पित्ताचे खडे बघायला हवेत. एकाच हाडावर लाल, गरम सूज आली, किंवा एकच पोटरी सुजली, तर तेही नेहमीचं नाही. उलट्यांनी पाणी टिकत नसेल, किंवा आठ तास लघवीच झाली नसेल, तरी निघ. खुब्याचं दुखणं आठवडे रेंगाळत असेल तर मात्र कॅज्युअल्टीची घाई नको, हाडांच्या ओपीडीत दाखव.

यातलं काहीच नसेल आणि दुखणं ओळखीचं असेल, तर घरचा उपाय नीट, घड्याळ लावून कर. दोन ग्लास पाणी लगेच, पुढे जागा असेपर्यंत तासाला एक; दिवसाचं मिळून तीन लिटरच्या आसपास. दुखत्या जागी गरम शेक, पायात मोजे, अंगावर शाल. नागपूरच्या डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याच्या अंघोळीनं क्रायसिस येतो, आणि मे महिन्यात पाणी कमी पडल्यानं. तुझं वजन ४५ किलो आहे, तर पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, चोवीस तासांत चारच्या वर नाही. सर्दीच्या गोळीत आणि ट्रामाडॉल या जोरकस वेदनाशामकाच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं, पाकिटावर वाचून मोज. डॉक्टरनं लिहून दिलेली इबुप्रोफेन जेवणानंतरच घे. लघवी कमी होत असेल, किडनीचा त्रास असेल किंवा आसपास डेंग्यू असेल तर ती घ्यायचीच नाही. ट्रामाडॉल दिलेल्या प्रमाणातच. हाक मारूनही नीट जाग येत नाही इतकी गुंगी आली तर ती स्वतःच इमर्जन्सी आहे, हे रूममेटला सांगून ठेव.

मग थांबायचं किती? पहिला डोस घेतल्यावर तासाभरानं बघ, मेसपर्यंत चालून जाता येतंय का, झोप लागतेय का. लिहून दिलेल्या औषधाचे दोन डोस झाले, सहा-आठ तास गेले, आणि दुखणं सातच्या खाली येत नसेल तर दवाखाना. तिसरा डोस लवकर घेऊन रात्र ढकलायची नाही. इंटर्नल परीक्षा आहे म्हणून मुलं रात्र ढकलतात हे मला माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून कॉलेजात आत्ताच देऊन ठेव, म्हणजे त्या रात्री पेपरची धास्ती राहणार नाही.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'एक इंजेक्शन मारून घेऊ' हा मोह टाळ. त्यात स्टेरॉइड असलं तर दोन दिवस हलकं वाटतं आणि मग कळा दुपटीनं उलटतात. रक्ताची पिशवी लावायचा आग्रहही धरू नको. नुसत्या दुखण्यावर रक्त हा उपाय नाही. उगाच चढवल्यानं रक्त घट्ट होतं, अंगात लोह साठतं, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा जुळणारी पिशवी मिळणं कठीण होतं. सलाइनही बाटलीमागून बाटली नको, फुप्फुसात पाणी भरतं. पाणी पिता येत असेल तर पिणंच बरं.

कुठे जायचं हेही आधी ठरव. नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी तुझ्या हॉस्टेलपासून रात्री मेडिकल जवळ की मेयो, एकदा दिवसा जाऊन कॅज्युअल्टीचा दरवाजा बघून ये. छोट्या खासगी दवाखान्यात रात्री एक्स-रे आणि ऑक्सिजन नसेल तर तिथे वेळ घालवू नको. दम लागत असेल, चक्कर किंवा गुंगी असेल तर मित्राच्या गाडीवर मागे बसायचं नाही. १०८ मोफत आहे. फोनवर आधी पत्ता आणि जवळची खूण सांग, मग 'सिकलसेल आहे, श्वास लागतोय' एवढंच.

तिथे पोचल्यावर तू शांत दिसशील. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेला माणूस विव्हळत नाही, मोबाइल बघत पडून राहतो. बघणाऱ्याला वाटतं याला काही झालेलं नाही, किंवा हा गोळीच्या सवयीनं आलाय. म्हणून बोलणं नेमकं ठेव: 'मला सिकलसेल एसएस आहे. दुपारी दोनपासून दुखतंय, दहापैकी आठ. माझं नेहमी कंबरेत दुखतं, आज छातीत आहे. ताप १००.२, गोळीच्या आधी मोजलेला. पॅरासिटामॉल ६५० दोन वाजता आणि आठ वाजता. माझा ऑक्सिजन रोज ९७ असतो, आज ९४ आहे.' असं सांगितलं की ऐकणारा खुर्ची ओढून बसतो. ब्रिटनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पोचल्यापासून अर्ध्या तासात वेदनाशामक द्यावं असं आहे. अमेरिकेतल्या रक्तविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये एक तासाची मर्यादा घातली आणि पुढे दर अर्ध्या-एक तासानं पुन्हा बघावं असं म्हटलं. आपल्या गर्दीत ते दर वेळी जमेलच असं नाही. तरी अर्ध्या तासानं नम्रपणे एकदा आठवण करायला संकोच करू नको, आणि छातीत दुखत असेल तर छातीचा एक्स-रे झाला का हे विचार.

पिशवी दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेव: सिकलसेलचं कार्ड, एचपीएलसीचा (सिकलसेल पक्कं करणाऱ्या रक्त तपासणीचा) रिपोर्ट, शेवटची रक्त तपासणी, रक्तगट, औषधांची यादी, आधार, पाण्याची बाटली, मोजे, चार्जर. रूममेटला पिशवी दाखव आणि वर सांगितलेल्या खुणा त्याच्याकडून एकदा म्हणवून घे, कारण बोलणं अडखळलं तर फोन त्यालाच लावावा लागेल. आणि उद्या सकाळी उठल्या उठल्या, काही दुखत नसताना, हात शेकून ऑक्सिमीटर लाव. तो आकडा मला कळव, मीही माझ्या वहीत लिहून ठेवतो.

तुझा,
काका