एफआयआरची कॉपी हातात आल्याशिवाय पोलीस ठाण्यातून उठू नका

तुमचं लिहिलेलं वाचलं आणि पोटात गोळाच आला. गणेश चवथीला गोव्यात सत्तरी तालुक्यात मूळ घरी गेलात, पाचव्या दिवशी फोंड्याला फ्लॅटवर आलात तर कडी तोडलेली, कपाट उघडं, आणि ठाण्यात म्हणतात साधा अर्ज देऊन जा, बघतो. हेच्या हेच आमच्याकडे म्हापशात २०१९ च्या चवथीत झालं, आम्ही तेव्हा पेडण्याला होतो.

कुलूप, कॅमेरा वगैरे तुम्ही करालच. मी सांगतोय ते अर्जाचं. म्हापशाच्या ठाण्यातल्या साहेबांनी मला अर्धा तास विचारलं, दागिने नक्की घरातच होते ना, लॉकरमध्ये असतील, पाहुण्यांनी हलवले असतील, आणि शेवटी माझ्याच हातून "दागिने सापडत नाहीत" असं लिहून घेतलं. चोरी हा शब्दच नाही त्यात! शिक्का मारून दिला तो कागद मी एफआयआर समजून फाइलला लावला. दोन वर्षांनी टोळी पकडली, सोनं जप्त झालं असं पेपरात आलं म्हणून धावत गेलो तर म्हणे तुमचा गुन्हाच नोंद नाही, ओळख पटवायला बोलावणार कसं. आईच्या पाटल्या त्यात होत्या की नाही ते आजही माहीत नाही, ती अजून विचारते.

मी वकील नाही, कलमं एकदा वकिलाला दाखवून घ्या. पण दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात त्याची, माहिती दिली की एफआयआर घ्यायलाच हवा हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय, आणि घरफोडी दखलपात्र आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, आणि कॉपी फुकट मिळते. नाहीच घेतली तर लेखी तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना (एसपी), पोस्टाने पाठवली तरी चालते, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. तक्रारीत "कडी तोडून आत शिरून चोरी" असं स्वच्छ लिहा. आणि पंचनामा होईपर्यंत घर आवरू नका, आमच्या घरातल्या बायकांनी लादी पुसून काढली होती, बोटांचे ठसे काय मिळणार मग.

आमच्याकडे सगळे लगेच भायल्यांवर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर, घसरतात. मला ते पटत नाही. भाडेकरूची माहिती ठाण्यात न देता खोल्या भरणारे आपलेच लोक आहेत, आणि वर्षभर बंद असलेले फ्लॅट कोणी बांधले तेही बघा. म्हापसा, पर्वरी, फोंडा एवढं वाढलं, गुन्हे किती वाढले हे कळणार तरी कसं, आमच्यासारख्यांची चोरी कागदावर झालीच नाही.

हो, दागिन्यांचे फोटो आणि सराफाची बिलं आत्ताच शोधा, लग्नाच्या अल्बममधले फोटोही चालतात ओळख पटवायला. पुढच्या चवथीला पोदेरला, म्हणजे पाववाल्याला, सांगून जा, दाराला पाव लटकत राहिले की घर बंद आहे हे सगळ्या वाड्याला कळतं.

शनिवारी मी फोंड्याला येतोच आहे. एकटे जाऊ नका, हवं तर मी ठाण्यात सोबत बसतो.