टोल्युइनच्या गुदामात बिनतारी सेन्सर: कुठे आणि कसे?

प्रश्न: गोव्यात वेर्ण्याला आमच्या गुदामात टोल्युइनची (रंग-थिनरमधले ज्वालाग्राही द्रावक) २०० लिटरची साठेक पिंपे आहेत. बिनतारी सेन्सर छताला लावले, तर चालतील का?

उत्तर: छताला नकोत. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती जमिनीलगत, गटारात साचते. सेन्सर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, पिंपे ओतण्याच्या जागी आणि गटाराच्या तोंडाशी बसवा.

आता खरी मेख. टोल्युइन हवेत १.१ टक्क्याला पेट घेऊ शकते; हीच तिची खालची स्फोटमर्यादा. स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांना भोंगा लावलात, तरी तेव्हा हवेत सुमारे १,१०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) वाफ असते. माणसाला ५०० पीपीएमच धोक्याचे. म्हणून कामगारांसाठी फोटोआयनीकरण सेन्सर (अतिनील प्रकाशाने थोडीशी वाफही मोजणारा) वेगळा हवा, पहिला इशारा ५० पीपीएमला. आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्याचे वाचन बिघडवते, तेव्हा जून ते सप्टेंबर दर आठवड्याला चाचणी-वायू (ठाऊक प्रमाणाचा वायू) देऊन पाहा. स्फोटमर्यादा मोजणारा, वाफ जाळून तापणारा उत्प्रेरकी सेन्सर बॅटरी लवकर खातो, शिवाय सिलिकोनच्या वाफेने निकामी होतो आणि वर शून्यच दाखवत राहतो!

लोखंडी पिंपांच्या रांगा रेडिओलहरी अडवतात. त्यामुळे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ बरे. अँटेना मात्र रांगांच्या वर घ्या. प्रत्येक सेन्सरने दर मिनिटाला ‘मी आहे’ कळवावे. सलग तीन निरोप चुकले की तोही इशाराच समजा. भोंगा आणि पंखा तारेनेच जोडा. उपकरण स्फोटक वातावरणासाठी प्रमाणितच हवे; आतच बॅटरी बदलण्यासाठीही ते प्रमाणित नसेल, तर बॅटरी बदलणे गुदामाबाहेरच.