सांगलीहून सातारा, दोन दिवस : विश्रामगृहाच्या भरवशावर निघू नका

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरातला एक शनिवार-रविवार, सांगलीहून स्वतःची गाडी, बरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि शाळकरी मुलगा. बेत कास, ठोसेघर, सज्जनगड, बामणोली, जमलं तर वासोटा किल्ला आणि परतताना महाबळेश्वर. खाली सहज एक ओळ : ‘मेहुण्याच्या ओळखीनं सरकारी विश्रामगृह मिळतंय, त्यामुळे राहण्याची चिंता नाही.’ धबधब्यांची आणि हॉटेलांची नावं बाकीच्यांनी भरपूर दिली आहेत. मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहितोय, कारण आमच्या घरातही निघताना हेच वाक्य म्हटलं गेलं होतं.

टायरची हवा, पीयूसी, फास्टॅग यात मी पडत नाही, तुम्ही रोज गाडी चालवत असणार.

तर विश्रामगृह. कुठलं, कुठल्या खात्याचं, ते सांगत नाही. डोंगरातलं होतं, जुन्या दगडी बांधणीचं, मोठा व्हरांडा. आईचे गुडघे दुखायचे म्हणून तळमजल्याची खोली हवी होती आणि तिथे सगळं तळमजल्यावरच. रीतसर अर्ज केला, आवक क्रमांक घेतला, पैसे भरून पावती घेतली. संबंधित टेबलावरच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं, ‘निवांत या, काही अडचण नाही.’ शनिवारी दिवेलागणीला पोचलो तर खानसामा फाटकातच उभा. ‘साहेब, दौरा लागलाय. दुपारीच वरनं फोन आला. खोल्या द्यायच्या नाहीत म्हणालेत.’

कार्यालयाला फोन लावला. शनिवार. 2020 पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे तिथे रिंग वाजत राहिली. मंजुरीपत्रावरचा मोबाइल नंबर बंद. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच की महत्त्वाच्या व्यक्ती आल्या तर आरक्षण ऐनवेळी रद्द होऊ शकतं. म्हणजे कायद्यानं त्यांचं काही चुकलं नाही, वाद घालायलाही जागा नाही. पण मला सांगा, माणसं जी खोली मुख्यतः शनिवार-रविवारसाठी मागतात, तिचा निर्णय घेणारं कार्यालय नेमकं शनिवार-रविवारी बंद, हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल? निदान एक फोन? अर्जावर माझा नंबर दोन ठिकाणी लिहून घेतला होता तो कशाला मग?

खानसाम्याबद्दल तक्रार नाही. त्यानं आईला व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा केला, आणि गावात कुणाकडे खोली मिळेल का म्हणून स्वतः दोन घरं विचारून आला. मिळाली नाही, कारण सीझन. शेवटी धुक्यातून घाट उतरून साताऱ्यात आलो आणि बस स्टँडजवळच्या एका लॉजवर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, आईला चढवलं. तिनं रविवारचा सगळा दिवस त्या खोलीत काढला. आम्ही काय बघणार होतो मग?

आणि तो दौरा आलाच नाही! हे पुढे पैसे परत मागायला गेलो तेव्हा कळलं. त्याचीही गंमत ऐका. कार्यालय म्हणालं मूळ पावती जोडा. मूळ पावती विश्रामगृहाच्या रजिस्टरला टाचलेली. तिथे गेलो तर म्हणाले, कार्यालयाचं पत्र आणा, त्याशिवाय रजिस्टरमधला कागद काढता येत नाही. कार्यालय म्हणालं पत्र द्यायला आधी पावती बघावी लागेल. रक्कम किरकोळ होती, पेट्रोल जास्त जळलं, शेवटी नाद सोडला.

सगळीच विश्रामगृहं अशी असतात असं माझं म्हणणं नाही. आडवारी, पावसाळा सोडून गेलेल्या लोकांना छान अनुभव आलेले मी ऐकलेत, आणि तुमच्या मेहुण्यांची ओळख माझ्यापेक्षा वरची असेलही. पण ओळख ही खोली मिळवून देते, मिळालेली खोली टिकवून देत नाही. घ्यायचंच असेल तर शुक्रवारी दुपारी, कार्यालय सुटायच्या आत, फोन करून खात्री करा, पावतीचा फोटो काढून ठेवा आणि खानसाम्याचा स्वतःचा नंबर घ्या. खरी बातमी त्याच्याकडे आधी पोचते. आणि तरीही साताऱ्यात दुसरी एक खोली हाताशी ठेवा, जिचा मालक शनिवारी संध्याकाळी फोन उचलतो.

साताऱ्यातच का, तर आईवडील बरोबर आहेत म्हणून. दवाखाना, मेडिकल, रात्री मऊ भात मिळेल असं ठिकाण, सगळं गावात आहे. कासच्या रस्त्यावरची रिसॉर्ट फोटोत झकास दिसतात, पण सप्टेंबरात तिथे धुकं, ओल आणि वीज गेली की जनरेटर कधी सुरू होईल त्याची वाट. (माझं मत. तरुण असतो तर मीही तिथेच राहिलो असतो.) फोनवर तीन गोष्टी विचारा : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गाडी दारापर्यंत येते का. ‘व्ह्यू’ शेवटी विचारा.

आता बेत. वासोटा काढून टाका. तो कोयना अभयारण्यात येतो आणि पावसाळ्यात बंद असतो, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. महाबळेश्वरही काढा. दोन दिवसांत ते घुसवलं तर आईवडिलांना फक्त गाडीची काच दिसेल.

उरलं कास आणि ठोसेघर. नकाशात ती शेजारी वाटतात, पण मध्ये उरमोडीचं खोरं आहे आणि ती दोन वेगळ्या डोंगररांगांवर आहेत. कासला यवतेश्वर घाटानं चढायचं, सज्जनगड-ठोसेघरला बोगद्यातून जायचं. म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाताना परत साताऱ्यात उतरणं आलं. मोबाइल एखादा खोऱ्यातून जाणारा जवळचा रस्ता दाखवेल, पावसात त्याच्या नादी लागू नका. एका दिवशी एकच डोंगर धरा.

पहिल्या दिवशी सहाला निघा. आष्टा, पेठ नाका, कराड. कराडला प्रीतिसंगमावर पाय मोकळे करा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते मुलाला दाखवा, यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जिथे गाड्या बाजूच्या रस्त्यावर वळवल्यात तिथे वेळ जातो, तो धरूनच चाला. मग सज्जनगड. गाडी बरीच वर जाते, तरी पुढे पायऱ्या आहेत, आणि पावसात त्या निसरड्या असतात. वडिलांना काठी न्यायला लाजू देऊ नका. समर्थांनी 1682 मध्ये देह ठेवला तो इथेच, समाधीवर राममंदिर आहे. दुपारचा प्रसाद गडावरच घ्या. तिथून ठोसेघर. धुकं असेल तर धबधबा नुसता ऐकू येतो, तेव्हा हट्टानं थांबून राहू नका. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली मात्र मुलगा खूश होईल, वरची पाती ढगात गेलेली असली तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कास. ऑनलाइन बुकिंग आधी करा, दिवसाला सोडायच्या माणसांना मर्यादा आहे. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या त्यात कास आहे, आणि तेव्हापासून गर्दीला धरबंध नाही. पठारावर साडेआठशेच्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत म्हणतात, पण जांभळ्या-गुलाबी गालिच्यांचे फोटो बघून आईच्या अपेक्षा फार वाढवू नका. तेरडा लांबून दिसतो, सीतेची आसवं, गेंद यांच्यासाठी पार खाली वाकावं लागतं. फुलं किती हे त्या वर्षीच्या पावसा-उन्हावर. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते, तिच्या नावानं कुणी पॅकेज विकत असेल तर आधी ती कधी फुलली होती ते विचारा. हवा उघडली तर कास तलावापर्यंत जा, बामणोलीला उतरायचं की नाही ते तिथे ठरवा. त्या बाजूला मोबाइलची रेंज कुठेही जाते, तेव्हा सुटे पैसे खिशात ठेवा आणि पेट्रोल साताऱ्यातच भरा.

जमत असेल तर शनिवार-रविवारऐवजी रविवार-सोमवार करा आणि कास सोमवारी ठेवा. एका रजेत गर्दी निम्म्यानं टळल्यासारखी वाटते, आणि विश्रामगृहाचा घोळ झालाच तर सोमवारी भांडायला कार्यालय तरी उघडं असतं.

आगाऊपणा वाटेल, पण आईवडिलांना एवढा प्रवास झेपणार नसेल तर सांगलीजवळच एक दिवस काढा. सकाळी औदुंबरला दत्तदर्शन, कृष्णेचा घाट, मग देवराष्ट्रे आणि सागरेश्वर. जेवायला घरी. राहण्याचा प्रश्नच येत नाही.

कंदी पेढे पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, रविवारी संध्याकाळी साताऱ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. वासोटा डिसेंबरात, मुलगा आणि तुम्ही दोघंच. बामणोलीहून बोट, वनखात्याची परवानगी, संध्याकाळच्या आत परत, असा सगळा दिवस त्यात जातो. बोटीच्या पैशांचं गणित माणसं किती यावर आहे, त्याचं वेगळं विचारा, सविस्तर सांगेन.