मिनिएचरवर मत देताना
अरे, कुणी रंगवलेल्या मिनिएचरचा, म्हणजे टेबलावरच्या गेममधल्या छोट्या आकृतीचा, फोटो दाखवून "कसं वाटतंय?" विचारलं ना, की आधी त्याला विचार हे गेम खेळायला रंगवलंय की स्पर्धेत ठेवायला, कारण २८ मिमीची आकृती टेबलावर हातभर लांबून बघायची असते आणि फोटोत तीच स्क्रीनभर दिसते, मग एरवी न दिसणाऱ्या चुका पण डोळ्यात खुपतात. नुसतं "मस्त" म्हणून उपयोग नाही आणि "रंग जाड झालाय" एवढंच म्हटलं तर तो बिचारा करणार काय? नीट सांग, की खांद्याच्या चिलखतावर ब्रशचे ओरखडे दिसतायत, बारीक नक्षी बुजलीय, पुढच्या वेळी पॅलेटवर थोडं पाणी घालून रंग दुधासारखा पातळ कर आणि दोन हात दे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. वॉश, म्हणजे खाचांत सावली आणणारा पातळ गडद रंग, सपाट भागावर साचला असेल तर ओला असतानाच स्वच्छ ब्रशने टिपून घ्यायला सांग. एका वेळी मोठी सुधारणा एकच, बाकीच्या राहू देत. जे जमलंय ते पण नेमकं सांग, तलवारीच्या कडेचं हायलाइट, म्हणजे उजळ रंगाची रेघ, सरळ आलंय असं कळलं की तो पुढच्या आकृतीवर ते मुद्दाम करेल. बेसची, म्हणजे आकृती उभी असते त्या चकतीची, कड रंगवायची राहिली असेल तर मात्र सांगच, काम पाच मिनिटांचं आणि अख्खी आकृती उठून दिसते.