बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात वहिनीला लकवा मारला. सिझरच्या वेळी मणक्यात दिलेल्या सुईमुळे असं होतं का? ती पूर्ण बरी होईल का?

तिसऱ्या आठवड्यात एका बाजूचे हातपाय गेले तर त्याचा दोष सुईला देऊ नका. सुईचं नाव वाचलं म्हणूनच लिहायला बसले. आमच्याकडेही आधी सुई दोषी ठरली, मग सिझर करणाऱ्या मॅडम, आणि शेवटी बाहेरची बाधा. डोक्यातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल हे घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, केज तालुक्यातल्या आमच्या गावी आली होती. भर मे महिना, पत्र्याची खोली, खिडकीला गोधडी लावलेली. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची आणि बाळंतशेपाची धुरी, बाळंतिणीचे कान घट्ट बांधलेले. पाणी मात्र आत्याच्या हुकमाने. "लई पाणी पेलं की पोट सुटतं, अन् लेकराला सर्दी व्हती." उकळून गार केलेलं पाणी वाटीने मिळायचं, तेही मागितलं तर. अंगावर पाजणारी बाई, वरून मराठवाड्यातला उन्हाळा, आणि पाणी वाटीने! बाळंतपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल आधीच वाढलेला असतो, म्हणजे प्रसूतीत रक्त फार जाऊ नये. तो कल बाळंत झाल्यावर लगेच ओसरत नाही. पहिले सहा आठवडे धोका सगळ्यात जास्त, त्यानंतरही काही आठवडे थोडाफार राहतो. त्यात अंगातलं पाणी आटलं, रक्त कमी असलं, जंतुसंसर्ग झाला की शिरेत गुठळी व्हायला वाट मोकळी.

बारसं उरकलं आणि तिचं डोकं दुखायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं तर सुईचं डोकं आहे म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलं. आता हे नीट वाचा. मणक्यातल्या सुईमुळे दुखणारं डोकं बसलं-उठलं की वाढतं आणि आडवं पडलं की उतरतं, आणि सहसा पहिल्या काही दिवसांतच सुरू होतं. माझ्या बहिणीचं उलटं होतं. ती रात्र-रात्र भिंतीला पाठ लावून बसायची, कारण आडवी झाली की कवटी फुटेल असं व्हायचं. खोकला आला, बाळ उचलायला वाकली तरी कळ. ती हे सगळ्यांना सांगत होती. आत्याचं उत्तर ठरलेलं: बाळंतवात आहे, कान उघडे ठेवले असतील.

मग एका सकाळी ती लंगोटाची नाडी बांधत होती. उजव्या हाताच्या चिमटीत नाडीचं टोक धरायची आणि ते सुटायचं. परत धरायची, परत सुटायचं. दुपटं मागायचं होतं, पण तोंडातून नुसतं "ते... ते..." येत होतं. दुपारी उजवा हात उडायला लागला, मग सगळं अंग, दातखीळ बसली. आत्या म्हणाली, "बाहेरचं हाय माय, जाणत्याला बोलवा आधी." वडील तयार झाले होते. आत्याच्या शब्दाबाहेर आमच्या घरात कुणी जात नाही. मी 108 ला फोन लावला आणि अंगणात उभी राहून सगळ्यांशी भांडले. गाडी येईपर्यंत आत्याने तिच्या कपाळाला अंगारा लावला.

लातूरला साध्या सीटी स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव दिसला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागणार नाही, एमआरआय आणि शिरांची व्हेनोग्राफी करा. ही गुठळी साध्या सीटीत कधीकधी दिसतच नाही. फिल्म उजेडाला धरून त्यांनी डोक्याच्या मधोमध मागे जाणारी मोठी शीर दाखवली, ती तुंबलेली होती. रक्त मेंदूत येतंय पण परत जायला वाट नाही, म्हणून मेंदू सुजतो आणि रक्त झिरपतं. वडिलांनी विचारलं, "साहेब, रक्तस्राव झालाय म्हणता, अन् रक्त पातळ करायचं इंजेक्शन कसं देता?" ते म्हणाले, वाट मोकळी झाल्याशिवाय झिरपणं थांबत नाही. हेपरिन सुरू झालं, झटक्यांचं औषध सुरू झालं. पुढे कित्येक महिने रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघायची, आकडा 2 ते 3 मध्ये ठेवायचा. गोळी वॉरफरिनची होती आणि ती घेत असताना ती बाळाला अंगावर पाजत होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, चालतं म्हणून. आत्याने त्यालाही विरोध केला.

आज माझी बहीण दोन्ही हातांनी भाकरी थापते, अडखळत नाही. आत्या प्रत्येक लग्नकार्यात सांगत फिरते की माझ्या अंगाऱ्याने उठली. आत्याबाई, ती हेपरिनने उठली, आणि त्या दिवशी जाणत्याची वाट बघत बसलो असतो तर उठली नसती. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय, परत सांगेन.

तुमच्या वहिनीचं म्हणाल तर लकवा शिरेतल्या गुठळीचा असेल तर बहुतेक जणी चांगल्या सावरतात, धमनी, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी नळी, बंद पडून येणाऱ्या लकव्यापेक्षा पुष्कळ बऱ्या. मात्र औषध वेळेत सुरू व्हायला हवं आणि व्यायाम रोज हवा. पण रिपोर्टवर काय लिहिलंय ते तुम्ही सांगितलेलं नाही. बीपी वाढूनही मेंदूत रक्तस्राव होतो, झटके येतात, आणि हे बाळंत झाल्यावरही होऊ शकतं. त्याचा इलाज वेगळा, मॅग्नेशियमचं इंजेक्शन आणि बीपी उतरवणं. बीपी 160/110 च्या वर गेलं तर तासाभराचाही उशीर नको. धमनीतली गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून रक्त पातळ करायची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घरी सुरू करू नका.

आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येतात, पण आमच्याकडे सगळ्या बाळाचंच वजन बघतात. बाळंतिणीला डोकं दुखतं का, अंधारी येते का, बीपी किती, हे घरच्यांनी त्यांना विचारायला लावावं. सरकारी दवाखान्यात त्या मुदतीत उपचार मोफत आहेत. जालन्याकडचे असाल तर संभाजीनगरचा घाटी हा सरकारी दवाखाना, आमच्या बाजूला अंबाजोगाई, लातूर, नांदेडची मेडिकल कॉलेजं. निघताना फोन करून एमआरआय चालू आहे का ते विचारा.

सगळी डोकेदुखी अशी नसते, बाळंतिणीला जागरणानेही दुखतं. आणि सुईच्या जागेतून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं तर क्वचित तेही गुठळीला हातभार लावतं, म्हणून ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. फक्त सुईवर बोट ठेवून मोकळे होऊ नका.

पुढचं मूल होऊ शकतं, पण वॉरफरिन चालू असताना दिवस जाऊ देऊ नका, गर्भाला व्यंग येऊ शकतं. पुढच्या खेपेला सुरुवातीपासून हेपरिनबद्दल विचारा. गर्भनिरोधक गोळ्या नकोत, तांबी चालते. नवरात्रात तुळजापूरला जायचं म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या आपल्या बायका सर्रास मेडिकलमधून आणतात, त्या वहिनीच्या हाती अजिबात पडू देऊ नका.