काल्पनिक जगातलं गाण्याचं युद्ध ही अलौकिक शक्ती मानायची का?

सरसकट नाही, सुरामुळे प्रत्यक्ष काही घडलं, म्हणजे आग लागली, भिंत पडली, तरच ती अलौकिक शक्ती. दीपक रागाने दिवे पेटल्याची तानसेनाची आख्यायिका त्यात बसते. आपल्या कोल्हापूरकडे ऐकायला मिळणारा कलगी-तुरा मात्र बसत नाही. कलगीवाले शक्तीची, तुरेवाले शिवाची बाजू घेऊन डफावर कूट, म्हणजे गाण्यातलं कोडं, घालतात. समोरच्याला उत्तर सुचलं नाही की तो हरतो. ही बुद्धी आणि पाठांतर, आणि माझ्या मते जादूपेक्षा मोठी गोष्ट! श्रोते भारावले, रडले, एवढ्यानेही शक्ती सिद्ध होत नाही. शाहू महाराजांचे दरबारगायक अल्लादियाखाँ गात तेव्हाही श्रोते भारावत असतीलच. फक्त त्या जगात प्रत्येकाच्याच गाण्याने दगड फुटत असतील, तर तिथल्या लोकांसाठी तो निसर्गनियम. अलौकिक ते आपल्या, वाचकांच्या, नजरेतून.