डिझेल गाडीचा रीमॅप: पैसे वसूल होतात का?

तुमची गाडी पाच वर्षांची, दीड लिटर टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर, रनिंग ८०,००० किलोमीटरच्या पुढे. ट्यूनर सांगतोय की रीमॅप केला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं (ईसीयूमधलं) सॉफ्टवेअर बदललं, की ९० पीएसचे (अश्वशक्तीचे) ११५ होतील, टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) २२० न्यूटन-मीटरवरून २८० वर जाईल, अ‍ॅव्हरेज १५ टक्क्यांनी वाढेल, आणि वर डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) फुकटात बंद करून देतो. तुमचा प्रश्न: घातलेले पैसे वसूल होतील का?

अ‍ॅव्हरेजच्या भरवशावर असाल तर होणार नाहीत. गाडीच्या ओढीसाठी पैसे मोजायची तयारी असेल तर होतील, पण मग हिशेबात फाईलच्या (बदललेल्या सॉफ्टवेअरच्या) पैशांशेजारी क्लचचेही पैसे लिहा. आणि डीपीएफला हात लावू देऊ नका. मी स्वतः रीमॅप केलेली डिझेल गाडी बरीच वर्षं वापरतोय आणि तिच्यावर खूश आहे, त्यामुळे हे रीमॅपच्या विरोधातलं उत्तर नाही. पण ज्या आकड्यांवर तो विकला जातो ते आकडे मला पटत नाहीत.

आधी अ‍ॅव्हरेजचं बघू, कारण 'पैसे वसूल' हा शब्द तिथूनच येतो. समजा तुम्ही वर्षाला १५,००० किलोमीटर फिरता आणि गाडी लिटरला १८ देते. म्हणजे वर्षाला सुमारे ८३० लिटर डिझेल. रीमॅपने ४ टक्के बचत झाली असं मी उदारपणे धरतो. वर्षाला ३३ लिटर वाचले. आता रीमॅपचा खर्च तुमच्याकडच्या भावाने लिटरमध्ये मांडा. तो ४०० लिटर डिझेलइतका असेल तर नुसत्या बचतीतून तो फिटायला १२ वर्षं लागतील. तोवर गाडी तुमच्याकडे असेल का?

१५ टक्के का मिळत नाहीत, तेही सांगतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना गाडीला लागणारी ताकद हवेच्या विरोधावर, टायरवर आणि वजनावर ठरते. रीमॅप यातल्या कशालाच शिवत नाही. शिवाय त्या वेळी इंजिन आपल्या क्षमतेचा थोडासाच भाग वापरत असतं, आणि ट्यूनर ज्या तक्त्यांत सगळ्यात मोठे बदल करतो ते पूर्ण दाबलेल्या पेडलचे असतात. थोडी बचत मिळू शकते ती इंजेक्शनच्या टायमिंगमधून. नायट्रोजन ऑक्साइड कमी राहावेत म्हणून कंपन्या डिझेल किंचित उशिरा फवारतात. ते लवकर फवारलं की त्याच डिझेलमधून जरा जास्त काम निघतं, पण ऑक्साइड वाढतात. हा सौदा किती टोकाला जाऊ शकतो ते २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या प्रकरणात दिसलं: चाचणीबाहेर वेगळं वागणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे त्या गाड्या अमेरिकेच्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या.

मग रीमॅपनंतर मीटरवर अ‍ॅव्हरेज वाढलेलं दाखवणारे लोक खोटं बोलतात का? नाही. ईसीयूने किती डिझेल फवारायचा हुकूम दिला त्यावरून मीटर अ‍ॅव्हरेज काढतं. फाईलमध्ये इंजेक्टरचं कॅलिब्रेशन किंवा रेल प्रेशरचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या दाबाचा) हिशेब बदलला असेल तर हुकूम आणि प्रत्यक्षातलं डिझेल यांचा मेळ राहत नाही. टाकी फुल ते टाकी फुल, पंपावरच्या लिटरने मोजा, तेही सलग अनेक टाक्या. तेवढंच खरं.

आता ज्यासाठी पैसे द्यावेत त्या गोष्टीकडे येतो. जाहिरातीत ११५ पीएस मोठ्या अक्षरात असतात, पण डिझेलवाल्याने २००० आरपीएमला काय होतं ते बघावं, कारण रोजची गाडी तिथेच चालते. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. २००० आरपीएमला २२० न्यूटन-मीटर म्हणजे ४६ किलोवॅट, साधारण ६३ पीएस. तिथेच २८० मिळाले तर जवळपास ८० पीएस. भरलेल्या गाडीने चढ चढताना तिसऱ्याऐवजी चौथा गिअर राहतो, दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये कमी वेळ काढावा लागतो. हा फरक पहिल्या दिवशी जाणवतो आणि नंतरही टिकतो. माझ्या मते रीमॅपचा खरा मोबदला हाच, आणि ज्याला असे रस्ते वारंवार लागतात त्याच्यासाठी तो मोठा आहे. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला मी रीमॅप सुचवणार नाही.

ही जास्तीची ताकद आली कुठून? कंपनीने ती लपवून ठेवलेली नसते. ईसीयूमध्ये तक्ते असतात: पेडल इतकं दाबलं तर किती टॉर्क द्यायचा, त्यासाठी किती डिझेल, रेलमध्ये किती प्रेशर, किती बूस्ट (टर्बो ढकलतो तो हवेचा दाब), किती अंशांवर इंजेक्शन. त्यावर टॉर्क लिमिटर आणि (धूर होईल इतकं डिझेल जाऊ न देणारे) स्मोक लिमिटर बसवलेले असतात. खराब डिझेल, कडक ऊन, विरळ हवा, चुकलेली सर्व्हिसिंग हे सगळं सोसून इंजिन लाखो किलोमीटर टिकावं म्हणून कंपनी मोकळी जागा सोडते. ट्यूनर त्या जागेचा काही भाग वापरतो. म्हणून 'सेफ फाईल आहे' म्हटल्यावर मी एकच विचारतो: किती जागा उरली?

'तेच इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये जास्त पॉवर देतं, म्हणजे तुमच्यातही ती आहेच' हा युक्तिवाद तुम्ही ऐकणारच. फियाटच्या १.३ मल्टिजेटचं उदाहरण घ्या. ७५ पीएसचं आणि ९० पीएसचं इंजिन नावाने एकच, पण ७५ वाल्याला साधा फिक्स्ड जॉमेट्रीचा टर्बो होता आणि ९० वाल्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा. साध्या टर्बोला फाईल लिहून व्हेरिएबल करता येत नाही. तुमच्या इंजिनाचं जास्त पॉवरचं रूप असेल तर टर्बो, इंटरकूलर (टर्बोमधून आलेली हवा थंड करणारा), इंजेक्टर आणि क्लच यांचे पार्ट नंबर सारखे आहेत का ते पार्टवाल्याकडून काढा. सारखे असतील तर तुमच्या बाजूला मोठा पुरावा आहे. वेगळे असतील तर त्या आकड्यापासून लांब राहा.

धूर आणि उष्णता ही दोन बंधनं कुठल्याच ट्यूनरला चुकत नाहीत. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि कंपनी पूर्ण लोडलाही त्याहून बरीच जास्त ठेवते. हवा न वाढवता डिझेल वाढवलं की काजळी होते आणि एक्झॉस्ट तापतो. रीमॅपनंतर काळा धूर सोडणारी गाडी बघून काही जण कौतुक करतात. मला तो निष्काळजी फाईलचा पुरावा वाटतो. थोडा वेळ जोरात पळवली तर फारसं बिघडत नाही. लांब चढावर भरलेली गाडी सतत पेडल दाबून नेताना टर्बो आणि पिस्टन खरे भाजतात. उंचावर तर हवा विरळ असल्याने तेवढंच बूस्ट देण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. चांगला ट्यूनर हवेच्या दाबानुसार बूस्ट कमी करणारा तक्ता तसाच ठेवतो. हे त्याला आवर्जून विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर तिथेच थांबा.

आता क्लच. ८०,००० किलोमीटर चाललेला क्लच २२० न्यूटन-मीटर निमूटपणे सोसतो आणि २८० ला स्लिप होऊ शकतो. हा दोष रीमॅपचा की झिजलेल्या क्लचचा, यावर वाद घालून उपयोग नाही. बिल तुम्हालाच येणार. बऱ्याच डिझेल गाड्यांत त्याच्यासोबत ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं चाक) असतं. त्याच्या आतल्या स्प्रिंगा कमी आरपीएमला जास्त टॉर्कने थकतात, आणि तो भाग स्वस्त नाही. तपासणी सोपी आहे: मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमच्या आसपास पेडल पूर्ण दाबा. आरपीएम पटकन वर गेले आणि वेग मागे राहिला तर क्लच आधी बदला, रीमॅपचं नंतर बघा. रीमॅप झाल्यावर सवयही बदलावी लागते. टॉर्क आलाय म्हणून पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला पेडल पूर्ण दाबणं म्हणजे फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांच्यावर विनाकारण घाव.

(ऑटोमॅटिकवाला कोणी हे वाचत असेल तर त्याने जास्त सावध राहावं. फोक्सवॅगन गटाच्या ड्राय क्लचवाल्या सात स्पीड डीएसजी गिअरबॉक्सची, डीक्यू २०० ची, मर्यादाच २५० न्यूटन-मीटर आहे, आणि ११० पीएसचं १.५ टीडीआय कंपनीतूनच २५० देतं. तिथे वाढवायला जागा कुठे आहे?)

डीपीएफबद्दल मी ठाम आहे. तो काजळी अडवतो आणि मधूनमधून ६०० अंशांच्या आसपास तापवून ती जाळतो (यालाच रीजनरेशन म्हणतात). डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं. तो धूर तुमच्या मागच्या दुचाकीवाल्याच्या आणि फुटपाथवरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या नाकात जातो. डीपीएफ काढणं अनेक देशांत बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये तर २०१४ पासून वार्षिक तपासणीत तो जागेवर आहे का ते बघतात. आणि ज्या ट्यूनरला डीपीएफ बंद करूनच फाईल बसवता येते, त्याची फाईल जास्त काजळी करते असा मी अर्थ काढतो. डीपीएफ चालू ठेवूनही फाईल वाईट असेल तर तो लवकर भरतो, रीजनरेशन वारंवार होतं, त्यासाठी जास्तीचं डिझेल फवारलं जातं, त्यातलं काही इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि ज्या अ‍ॅव्हरेजसाठी पैसे दिले तेच खाली येतं. म्हणून रीमॅपआधी आणि नंतर दोन रीजनरेशनमधलं अंतर स्कॅनरवर बघून ठेवा. फाईल चांगली की वाईट, हे सांगणारा त्याहून भरवशाचा आकडा मला माहीत नाही.

वॉरंटी उरली असेल तर रीमॅप करू नका. ओबीडीतून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून) कंपनीची मूळ फाईल परत टाकली तरी कितीदा फ्लॅश झालं याची नोंद अनेक ईसीयूंमध्ये राहते. विमा कंपनीला लेखी कळवा. न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला तर नकाराला कारण मिळतं. त्यांनी जास्तीचा प्रीमियम मागितला तर तोही हिशेबात धरा.

आता तुमच्या गाडीचं. पाच वर्षांच्या डिझेलवाल्याला 'पिकअप कमी आहे' असं वाटतं तेव्हा पहिला संशय आजारावर घ्यावा. इंटरकूलरच्या होजला बारीक चीर, काजळीने अरुंद झालेला इनटेक, अडकणारा ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा), मळलेला एअरफ्लो सेन्सर, जुना डिझेल फिल्टर. यातलं एक जरी असलं तरी ओढ जाते आणि रीमॅपने ते झाकलं जातं, बरं होत नाही. एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट, रेल प्रेशर, इंजेक्टरचं करेक्शन यांचे लॉग काढून घ्या. रीमॅपच्या मानाने याला किरकोळ खर्च येतो. दुरुस्तीनंतर गाडी चालवून बघा. तुम्हाला हवा होता तो फरक कदाचित तिथेच मिळेल.

तरीही रीमॅप हवा असेल तर तो तुमच्याच गाडीची फाईल वाचून, तिच्यावर बदल करून लिहून देणाऱ्याकडून घ्या. डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) आधीची आणि नंतरची रन, त्याच दिवशी, त्याच मशीनवर. मूळ फाईलची प्रत तुमच्या हातात. आणि २८० चा हट्ट सोडा. २५० वर समाधान माना, टॉर्क १८०० आरपीएमच्या खाली हळूहळू चढू द्या. गाडीत बसल्यावर २५० आणि २८० मधला फरक फारसा कळत नाही, क्लचला मात्र कळतो.

स्वस्त पर्याय म्हणून कोणी ट्यूनिंग बॉक्स (सेन्सरच्या वायरीत जोडायची डबी) सुचवला तर माझं मत नाही असंच आहे. तो रेल प्रेशरच्या सेन्सरचा सिग्नल मध्येच बदलून ईसीयूला प्रेशर कमी असल्याचं भासवतो. ईसीयू प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, आणि ते किती गेलं याचा ईसीयूला पत्ताच नसतो, त्यामुळे स्मोक लिमिटरही आंधळा होतो. काढून ठेवता येतो आणि पुढच्या गाडीला लावता येतो, हे त्याचे फायदे खरे आहेत. पण पंप आणि इंजेक्टर आधीच हजार-दोन हजार बारच्या प्रेशरखाली काम करत असतात, त्यांच्यावर आणखी भार टाकायचा तर तो ईसीयूच्या हिशेबात असायला हवा.